दोन कासऱ्यांची गाडी



फोनवर उपदेश सुरू झाला की भाचेबुवांना नेमकी त्याच वेळी दुसरी मीटिंग लागते, हे मामाला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. आणि तोंडावर सुनावल्यासारखं वाटू नये म्हणून पत्रापुरतं मामाला आणि भाचेबुवांना, दोघांनाही तिऱ्हाईत करून टाकलं आहे.

तर भाचेबुवांनी ओहायोत, डेटनच्या बाहेर, अडीच एकरांवर घर घेतलं. घर, ड्राइव्हवे आणि मागचं तळं वजा जाता दोन एकर निव्वळ गवत. एप्रिल उजाडला, पाऊस पडला, गवत पोटरीला लागलं. आणि टाउनहाऊसमधून आणलेलं ढकलायचं मोअर इथे विळ्यासारखंच आहे, हे दोन तासांत कळलं. मग मामाला व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. एक रेसिडेन्शियल झीरो-टर्न, साडेतीन हजार डॉलर. दुसरं कमर्शियल, बारा हजार. खाली प्रश्न: "फरक काय? की सरळ मोठंच घेऊन टाकू?"

या "घेऊन टाकू"चीच मामाला भीती वाटते.

झीरो-टर्न हे कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातलं अपत्य. जॉन रेगियर यांची कल्पना आणि हेस्टन गावची एक्सेल इंडस्ट्रीज यांच्या जोडीतून १९६४ मध्ये 'हसलर' नावाने ते बाजारात आलं. त्याला स्टीअरिंग नसतं. दोन दांडे असतात, एकेका मागच्या चाकासाठी एकेक. प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, पंप आणि मोटर. ज्याने लहानपणी सांगलीकडे औत पाहिलंय त्याला हे समजावावं लागत नाही. तास संपला की आतला बैल जागीच थोपवायचा, बाहेरचा फिरवायचा, जोडी वळते. इथे दांडे म्हणजे कासरे. पुढची दोन चाकं सुपरमार्केटच्या गाडीसारखी, ढकलू तिकडे वळणारी. वळवण्यात त्यांचा काडीचा हात नसतो. ही गोष्ट भाचेबुवांनी डोक्यात ठेवावी, तळ्यापाशी पोचलो की ती पुन्हा लागणार आहे.

आता फरक. दुकानात गिऱ्हाईक पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतं, आणि तिथेच चुकतं. कावासाकीचं एफआर-६९१ हे घरगुती मोअरवर बसणारं इंजिन, २३ हॉर्सपॉवर. त्याच कंपनीचं एफएक्स-६९१ कमर्शियल, २२ हॉर्सपॉवर. दोन्ही ७२६ सीसीची. म्हणजे स्टिकर वाचून ठरवणाऱ्याला धंद्याचं इंजिन कमी दमाचं वाटेल! खरा फरक स्टिकरवर नसतो, झाकणाखाली असतो: एफएक्सला धूळ पचवणारा मोठा डबाबंद एअर फिल्टर आणि दिवसभर राबायची तयारी. मोअरच्या हॉर्सपॉवरच्या आकड्यांवरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता, २०१० मध्ये कंपन्यांनी तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना थोडेथोडे डॉलर परत मिळाले. तेव्हापासून मामा तो आकडा वाचतच नाही.

पात्यांचंही तसंच. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये, असं अमेरिकन मानक आहे. ताशी साधारण ३५० किलोमीटर. घरगुती असो वा धंद्याचं, मर्यादा तीच, आणि बहुतेक यंत्रं तिच्या जरा खालीच फिरतात. त्यामुळे धार लावलेलं पातं आणि सावकाश चाल असली तर साडेतीन हजारांचं यंत्र बारा हजारांच्या यंत्राइतकंच नीटस गवत कापतं. महाग यंत्र ते काम जवळपास दुप्पट वेगाने जाताना करतं, आणि रोज करतं.

मग जास्तीचा पैसा जातो कुठे? थोडा डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाच्या, पत्र्यात. घरगुती डेक बहुधा १२-१३ गेजचा, एका पत्र्यातून दाबून काढलेला. धंद्याचा १० किंवा ७ गेजचा, वेल्डिंग केलेला. गेजचा हिशेब उलटा, आकडा लहान तर पत्रा जाड: १३ गेज म्हणजे सव्वादोन मिलिमीटर, १० म्हणजे जवळपास साडेतीन, ७ म्हणजे साडेचार. (दाबलेल्या डेकला दुकानदार नाक मुरडतात, पण त्याच्या गोलाईमुळे ओलं गवत कोपऱ्यांत कमी साचतं, हे मामाने खाली पालथं पडून खरवडताना पाहिलंय. मे महिन्यात डेक उचलून बघावा. शेणाने सारवल्यासारखा हिरवा थर, वरून ओला, आतून आंबलेला.) थोडा पैसा पाती फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये, थोडा सीटमध्ये. पण सगळ्यात जास्त जीव असतो मागच्या चाकांच्या ट्रान्सॲक्सलमध्ये, म्हणजे तो पंप आणि मोटर एकत्र बसवलेल्या डब्यात.

इलिनॉयमधल्या सलिव्हन गावची हायड्रो-गिअर कंपनी एकमेकांशी भांडणाऱ्या कितीतरी ब्रँडना ट्रान्सॲक्सल पुरवते. म्हणून भाचेबुवांनी दुकानात रंग आणि ब्रँड बाजूला ठेवून ट्रान्सॲक्सलचा नंबर विचारावा. ईझेडटी किंवा झेडटी-२२०० असेल तर ते सपाट लॉनचं, हलक्या कामाचं. झेडटी-२८०० मधलं. झेडटी-३१०० पासून पुढे धंद्याची सुरुवात. २८०० आणि त्यावरच्यांना बाहेरून काढता येणारा फिल्टर असतो. पहिल्या ७५ तासांनंतर आणि मग दर ४०० तासांनी तेल आणि फिल्टर बदलायचे. हायड्रोस्टॅटिक यंत्र मरतं ते बहुधा तापलेल्या, जुन्या तेलाने. ज्याचं तेल बदलायची सोयच धड नाही, ते चढावर ओढून ओढून थकलं की थेट बदलावंच लागतं.

आता आकडेमोड. ताशी मैल गुणिले पात्यांची रुंदी इंचांत, भागिले ९९, म्हणजे तासाला एकर. ओव्हरलॅप आणि वळणांपोटी त्यातून पाचवा हिस्सा वजा. ४२ इंची घरगुती मोअर ताशी सहा मैलांनी तासाला दोन एकर करतं. ६० इंची कमर्शियल दहा मैलांनी करतं पावणेपाच. म्हणजे भाचेबुवांचं काम एक तासाऐवजी पंचवीस मिनिटांत. दर आठवड्याला पस्तीस मिनिटं वाचवायला साडेआठ हजार डॉलर! शिवाय त्या लॉनवर चिचुंदऱ्यांनी उकरलेले उंचवटे आहेत. दहा मैलांनी गेलं तर वाचलेली पस्तीस मिनिटं हाडवैद्याकडे बसायला लागतील.

ओहायोत एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर गवत कापावं लागतं. ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत सुटका धरली तर वर्षाला फार तर तीस तास. पंधरा वर्षांत साडेचारशे. लॉनचा धंदा करणारा माणूस आठवड्याला सहज तीस तास मोअरवर असतो. भाचेबुवांची पंधरा वर्षं म्हणजे त्याचे पंधरा आठवडे. कमर्शियल यंत्र या दुसऱ्या माणसासाठी बांधलेलं असतं.

हे शहाणपण मामाला आलं कुठून, असं भाचेबुवा विचारतील. किंमत मोजून आलं. काही वर्षांपूर्वी मामाने इंडियानात एका धंदेवाल्याकडून १,१०० तास चाललेलं ६० इंची कमर्शियल घेतलं. स्वस्त होतं. पाच मिनिटं चालवून पाहिलं, लोण्यासारखं चाललं, पैसे मोजले. घरी आल्यावर कळलं की मागच्या अंगणाचं फाटक ४८ इंची आहे. मामीने खिडकीतून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आता घर हलवायचं का?" कुंपणाची एक फळी कायमची काढावी लागली. पहिल्याच ओल्या एप्रिलमध्ये त्या बाराशे पौंडी धुडाने गवतात चाकोऱ्या पाडल्या, त्या जून संपेपर्यंत दिसत होत्या. आणि पाऊण तास चाललं की डावा ट्रान्सॲक्सल ढेपाळायचा, सरळ जाणारं मोअर डावीकडे ओढायचं. थंड असताना सगळेच गुणी. जुनं यंत्र पाहायचं तर अर्धा तास गवतात फिरवून, मग चढावर घालून पाहावं.

तरीही भाचेबुवांनी साडेतीन हजारांचं घ्यावं, असं मामाचं म्हणणं नाही. फोटोत घरामागची जमीन तळ्याकडे उतरताना दिसते. रोजचा चढ असेल तर हलका ट्रान्सॲक्सल पाच-सात वर्षांत दम टाकेल. म्हणून मधलं घ्यावं: ४८ किंवा ५२ इंच, वेल्डिंगचा डेक, झेडटी-२८०० किंवा ३१००, आणि शक्य असेल तर रोलबार, म्हणजे सीटमागची संरक्षक कमान. पाच ते सात हजारांत मिळतं. वॉरंटीचा कागद दुकानातच पूर्ण वाचावा. घरगुती वॉरंटी पैसे घेऊन काम केलं की एकतर आखडते, नाहीतर संपते. तेव्हा शेजाऱ्याचं लॉन वीस डॉलरवर कापून देण्याचा जो बेत भाचेबुवांनी फोनवर सांगितला, तो आधी त्या कागदाला विचारावा.

आणि आता तळं. दांडे सोडले तरी मागच्या चाकांची पकड असेपर्यंत गाडी ऐकते. ओल्या उतारावर ती पकड सुटली की ब्रेक गेला आणि स्टीअरिंगही गेलं, कारण पुढची चाकं नुसती घरंगळतात. झीरो-टर्न पाण्यात उलटून माणसं दगावतात ती अशी. बहुतेक कंपन्या १५ अंशांपेक्षा जास्त उतार वर्ज्य सांगतात. उतारावर चार फुटी फळी ठेवावी, फळीवर मोबाइल, मोबाइलमधलं लेव्हल उघडावं. आकडा १५ च्या वर गेला तर ती जागा मोअरची नाही, मग ते बारा हजारांचं असलं तरी. रोलबार उभा असेल तर पट्टा बांधायचाच. आडवा केला असेल किंवा नसेलच, तर पट्टा बांधायचा नाही, कारण उलटताना अंग बाहेर फेकलं जाणंच बरं.

आपल्याकडे स्कूटरवर पोराला पुढे उभं करून नाक्यापर्यंत नेण्याची रीत आहे. भाचेबुवा स्वतः तसेच वाढले, मामाच्याच स्कूटरवर. सहा वर्षांची लेक आता मोअरवर मांडीत बसायचा हट्ट करणार. तिथे मामाचा नकार ठाम आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संस्था सोळा वर्षांखालच्या कुणालाही राइडिंग मोअर चालवू देऊ नका म्हणते, आणि सोबत बसवून तर कुणालाच नेऊ नका. गवत कापताना पोर घरात, दार बंद. मागे घेताना आधी मान वळवायची, मग दांडे ओढायचे.

येत्या शनिवारी मामा येतोय. तोवर भाचेबुवांनी तीन कामं करून ठेवावीत. मागचं फाटक आणि गराजचं दार मोजावं, डेकच्या बाजूने गवत फेकणाऱ्या शूटसकट हिशेब धरून. फळीवर मोबाइल ठेवून उताराचे पाच-सहा आकडे कागदावर लिहावेत. आणि काठापासून दोन मोअर-रुंदी अंतर सोडून छोटे झेंडे रोवावेत, तळ्याभोवती. झेंड्यांपलीकडचं गवत वाढू द्यायचं, हे सूनबाईंना आधी सांगून ठेवावं.

कळावे,
मामा