अनंतशास्त्री व लक्ष्मीबाई : एका घराण्याचा अभ्यास

शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:१-५, प्रेषितांची कृत्ये १६:१-३, मत्तय १:१-१६.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील लहान लहान गावांत अशी चाल होती की, ख्रिस्ती घरात एक मोठे पवित्र शास्त्र असावयाचे व त्यात जुना करार आणि नवा करार यांच्यामध्ये काही कोरी पाने बांधलेली असावयाची. त्या पानांवर घरातील जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद होत असे. १८४१ साली घोडनदीच्या काठी शिरूर येथे ठाणे करणारे फ्रेंच साहेब व त्यांची पत्नी अशाच देशातून आली होती. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत अशी पाने फार थोड्या घरी सापडतील. एखाद्या म्हाताऱ्या भावास त्याच्या घराण्याची हकीकत विचारावी, तर तो म्हणतो, "आजोबांचा बाप्तिस्मा अमक्या साहेबांच्या हातून झाला." त्यामागचे विचारले की तो गप्प राहतो. जणू काय त्या दिवसापूर्वी त्या घरात कोणी जन्मले नव्हते, कोणी राबले नव्हते, कोणी देवाचा शोध केला नव्हता!

ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाही. तिचा विचार करण्यासाठी आम्ही आज वाचकांपुढे एक दांपत्य ठेवतो. त्यांच्या कन्येचे नाव या भागात सर्वांस ठाऊक आहे. पुण्याहून दौंडास जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर केडगाव लागते. पूर्वी त्या तालुक्यास भीमथडी म्हणत, आता दौंड तालुका म्हणतात. तेथील मुक्ति मिशन स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई यांच्या आईबापांची ही कथा होय. त्या दोघांचा बाप्तिस्मा कधीच झाला नाही.

बापाचे नाव अनंतशास्त्री डोंगरे. हे मूळचे दक्षिणेस मंगळूरकडील माळहेरंजी गावचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी विद्येसाठी ते पुण्यास आले व रामचंद्रशास्त्री साठे यांचे शिष्य झाले. हे गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. गुरूंबरोबर वाड्यात गेले असता एक स्त्री शुद्ध संस्कृत श्लोक म्हणते हे शिष्याने ऐकले आणि त्याच्या मनाने घेतले की, आपणही आपल्या पत्नीस शिकवावे. घरी परतल्यावर त्यांनी तसा यत्न केला, पण वडील माणसांनी तो चालू दिला नाही व पत्नीचीही इच्छा नव्हती. तेव्हा तो बेत राहिला. पुढे ती पत्नी वारली.

दुसरा विवाह कसा झाला हे वाचून आजच्या वाचकास धक्का बसेल. अनंतशास्त्री यात्रेत असता गोदावरीच्या तीरी स्नानास गेले. तेथे दुसरा एक यात्रेकरू आपली पत्नी व दोन मुली घेऊन आला होता. त्याने यांचे गोत्र, गाव विचारले, आणि आपली नऊ वर्षांची मुलगी यांस देऊ केली. दुसऱ्या दिवशी लग्न लागले व बाप निश्चिंतपणे पुढल्या यात्रेस निघून गेला. वराचे वय चाळिशीपलीकडे होते. रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयीच्या इंग्रजी पुस्तकात ही हकीकत बालविवाहाचे उदाहरण म्हणून घातली. ती मुलगी आपलीच आई, हे मात्र तेथे सांगितले नाही. पुस्तकाची प्रस्तावना डॉ. रेचल बॉडली या अमेरिकन बाईंनी लिहिली, तिच्यातून ते कळते. आईबापांवर जिचे अपार प्रेम होते, त्या कन्येनेही त्यांच्या विवाहातील दोष झाकला नाही. घराण्याची हकीकत लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

परंतु त्याच नवऱ्याने त्या मुलीस अक्षरओळख करून दिली, संस्कृत शिकविले. घरात व जातीत गवगवा झाला, तेव्हा तो तिला घेऊन गंगामूळच्या रानात गेला. तेथील पहिली रात्र उघड्यावर गेली. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. मुलगी पासोडी घट्ट लपेटून भुईवर थरथरत पडली आणि नवरा उजाडेपर्यंत पहारा करीत बसला. मग तेथे घर झाले, विद्यार्थी आले. स्त्रीस विद्या देणे पाप नव्हे हे अनंतशास्त्र्यांना पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधारे सिद्ध करावे लागले, व त्यांनी ते केले. याच रानातल्या घरी १८५८ च्या एप्रिलच्या २३ तारखेस रमाबाईंचा जन्म झाला.

शास्त्रीबोवांचा हात सढळ होता. येईल त्या पांथस्थास जेवू घालता घालता कर्ज झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच बिऱ्हाड मोडले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली आणले. यानंतर ते कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. बाप वृद्ध झाला, डोळे अधू झाले, म्हणून रमेस शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसा आईस सवड नसे. ती पहाटेस झोपाळू मुलीला उचलून मांडीवर घेई, गोंजारून जागी करी, आणि पाखरे किलबिलू लागली म्हणजे श्लोक म्हणून घेई. पुस्तक नव्हते, आईचे तोंड हेच पुस्तक. वाघाच्या भयाने जी पोर पासोडीत थरथरत होती, ती ही आई.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने या कुटुंबास गाठले. भांडीकुंडी विकली, दागिने विकले. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा पुत्र श्रीनिवास म्हणाला की, मी मजुरी करीन, पण तुम्हांस मरू देणार नाही. बाप तरीही वाचला नाही. काही आठवड्यांनी आई गेली. स्मशान तीन मैल दूर आणि खांदा देण्यास दोनच ब्राह्मण मिळाले. उरलेल्या बाजूंस मुलगा व मुलगी लागली. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी आईची तिरडी डोक्यावर वाहिली. पुढे मोठी बहीण कृष्णाबाईही गेली.

या विपत्तीचे कारण केवळ पाऊस न पडणे हेच होते, असे रमाबाई मानीत नसत. आम्हांस संस्कृताखेरीज काही येत नव्हते आणि हातांनी काम करण्याची लाज वाटे, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. श्रीनिवास पुढे महिना चार रुपयांवरही राबला. केडगावास १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून जेव्हा शेकडो मुली व बायका आल्या, तेव्हा त्यांस वाचनाबरोबर शेत, माग, घाणा व छापखाना यांवर काम का शिकविले गेले, हे आता वाचकांस उमगेल. शिरूरला विन्सर साहेबांनी चालविलेल्या उद्योगशाळेमागेही हाच विचार होता. परंतु केडगावात त्याच्या मागे तिरडीचे ओझे होते.

पुढील हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून आटोपती घेतो. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी "पंडिता" व "सरस्वती" ही पदे दिली. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ साली पतीही पटकीने गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. येथून ते घराणे ख्रिस्ती म्हणावयाचे.

आता प्रश्न असा की, या घराण्याचे पहिले पान कोठून लिहावे? आमच्यातील कित्येक उपदेशक भाऊ वाँटेजपासून लिहितील. पौलाने तसे केले नसते, असे आम्हांस वाटते. तीमथ्यास लिहिताना त्याने आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतली. बाप हेल्लेणी होता एवढे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे, ते लपविलेले नाही. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिली तीत राहाब व रूथ या परजातीच्या स्त्रिया राहू दिल्या. रमाबाईंनीही आपले इंग्रजी पुस्तक आपल्या आईस, लक्ष्मीबाई डोंगरे हिला, अर्पण केले. तिच्या शिकवणीनेच आपणास वाट दाखविली अशी त्या अर्पणाची भावना आहे. हे त्यांनी ख्रिस्ती झाल्यावर लिहिले. मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून करताना त्यांच्या कामी आलेली भाषेची शिस्त त्या पहाटेच्या पाठांतरातूनच आली होती.

उपदेशकांनी पुढील घरसभेत हा पाठ घेताना प्रत्येक घरच्या वडील माणसास विचारावे : बाप्तिस्म्याच्या मागचे कोणते नाव तुम्हांस आठवते? आजीचे माहेर कोणते? दुष्काळात कोण कोठे गेले, कोणी कोणास जगविले? दोष ऐकू आला तर तोही लिहून घ्यावा. कागद नसेल तर मुलांच्या वहीची दोन पाने पुरतील. ती शास्त्रात मलाखीनंतर शिवून ठेवावी.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. मनोरमाबाईंनी लग्न केले नव्हते, त्यामुळे अनंतशास्त्र्यांच्या या शाखेच्या पानावर पुढे जन्माची नोंद नाही. रमाबाईंचे भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी जुळविलेल्या खिळ्यांनी छापून १९२४ साली बाहेर पडले.