विरळ कर्करोग आणि सायकलस्वारांची वर्गणी

(मंडळ्यांसाठीं अभ्यासाचा धडा)

पुष्कळांस होणाऱ्या रोगाला कैवारी पुष्कळ मिळतात. परंतु लाखांत एखाद्यास होणाऱ्या रोगाला कोण विचारतो? हाच आजच्या धड्याचा विषय आहे. तोंडाचा किंवा स्तनाचा कर्करोग आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकला असेल, कित्येकांनीं शेजारीं पाहिलाही असेल. पण कर्करोगाचे असेही प्रकार आहेत कीं, त्यांचें नांवसुद्धां घरच्या माणसांनीं पूर्वीं ऐकलेलें नसतें. अशा रोग्यांसाठीं कांहीं ठिकाणीं लोक सायकल चालवून पैसा उभा करितात. ही रीत कशी चालते, आणि अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या भागांतील मंडळ्यांस तिजपासून काय घेतां येईल, हें आपण क्रमानें पाहूं.

१. विरळ म्हणजे किती?

युरोपांतील तज्ज्ञांनीं असें माप ठरविलें आहे कीं, ज्या कर्करोगाचे नवे रोगी एक लाख वस्तीमागें वर्षास सहांहून कमी आढळतात, तो विरळ समजावा. एकेक प्रकार निराळा घेतला तर संख्या थोडी दिसते. परंतु असे प्रकार सुमारें दोनशें आहेत, आणि त्यांची बेरीज केली असतां तेथील दर पांच कर्करोग्यांपैकीं निदान एक या वर्गांत येतो. तेव्हां विरळ रोगाचे रोगी एकटे असले तरी थोडे नाहींत.

मुलांना होणारे कर्करोग बहुतेक विरळच असतात. म्हणून दोन खुणा प्रत्येक आईबापानें ध्यानांत ठेवाव्या. लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलींत पांढरी चमक दिसली, तर तो डोळ्याच्या आंतील पडद्याचा कर्करोग असूं शकतो. तो वेळीं ओळखला तर बहुतेक मुलें वांचतात. तसेंच, वाढत्या वयाच्या मुलाच्या गुडघ्याजवळ सूज व दुखणें आठवड्यांमागून आठवडे टिकलें आणि रात्रीं वाढूं लागलें, तर ‘खेळतांना लागलें असेल’ म्हणून तेल चोळीत बसूं नये. दवाखान्यांत दाखवावें. बहुधा दुसरेंच कांहीं किरकोळ निघेल. पण क्वचित् तो हाडाचा कर्करोग असतो, आणि तेथें गेलेला वेळ परत मिळत नाहीं.

२. थोड्यांसाठीं एवढा खर्च कां?

विरळ रोग झालेल्या माणसापुढें तीन अडचणी असतात. पहिली, जवळच्या डॉक्टरांनीं तो रोग कधीं पाहिलेला नसतो. दुसरी, संशोधन करणाऱ्यांस पुरेसे रोगी एका ठिकाणीं सांपडत नाहींत. तिसरी, गिऱ्हाईक थोडें म्हणून औषध करणाऱ्यांस त्यांत नफा दिसत नाहीं. यामुळें अशा रोगांवरील संशोधनास देणगीचा आधार लागतो.

तो पैसा वायां जातो काय? एक उदाहरण पाहा. सी. एम. एल. म्हणून ओळखला जाणारा रक्ताचा एक विरळ कर्करोग आहे. पूर्वीं तो झाला म्हणजे बहुधा थोड्या वर्षांत मरण ठरलेलें असे. २००१ सालीं इमॅटिनिब नांवाची गोळी त्यावर निघाली, आणि आज ती नेमानें घेणारे बहुतेक रोगी पुष्कळ वर्षें आपला कामधंदा करीत जगतात. दुसऱ्याच वर्षीं तीच गोळी ‘जिस्ट’ नांवाच्या पोटांतील विरळ गांठीवरही मान्य झाली. पुढें १ एप्रिल २०१३ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें या औषधावरील पेटंटाची मागणी फेटाळली. त्यामुळें आपल्या देशांत होणारी स्वस्त गोळी गरिबास मिळण्याची वाट मोकळी राहिली.

३. सायकलीनें पैसा कसा जमतो?

न्यूयॉर्क येथील जेनिफर गुडमन लिन या बाईंस २००४ सालीं सार्कोमा नांवाचा विरळ कर्करोग झाला. अशा रोगांच्या संशोधनास पैसा फार थोडा मिळतो, हें त्यांस कळून आलें. तेव्हां २००७ सालीं त्यांनीं व त्यांचे पति डेव्ह यांनीं मित्रमंडळीस एका व्यायामशाळेंत जमविलें, आणि जागच्या जागीं फिरणाऱ्या सायकली पाळीपाळीनें चालवून वर्गणी गोळा केली. ‘सायकल फॉर सर्व्हायव्हल’ हें त्या उपक्रमाचें नांव. जेनिफरबाई २०११ सालीं वारल्या, परंतु चाकें थांबलीं नाहींत. आजवर तीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली असून ती तेथील मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयांत विरळ कर्करोगांच्या संशोधनास लागते.

आपल्या महाराष्ट्रानेंही सायकल परोपकारास लाविली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत पाळीपाळीनें सायकल चालवून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली, आणि त्या निमित्तानें आदिवासींच्या नेत्रोपचारासाठीं साह्य मागितलें. कार्य निराळें, रीत तीच.

रीत अशी: स्वार शेजाऱ्यास म्हणतो, “मी तीस किलोमीटर जाईन, आपण दर किलोमीटरास दोन रुपये द्यावे.” शेजाऱ्याचे साठ रुपये झाले. असे दहा शेजारी मिळाले तर सहाशें. आणि असे वीस स्वार निघाले तर बारा हजार. स्वयंपाकापूर्वीं मूठभर धान्य बाजूस काढणाऱ्या आमच्या भगिनींस हा हिशेब नवा नाहीं. कोणी विचारील, पैसाच द्यावयाचा तर सायकल कशाला? कारण मागणारा स्वतः घाम गाळतो हें पाहून देणाऱ्याचा हात सैल होतो. आणि ज्या रोगाचें नांव कोणी घेत नाहीं, त्याचें नांव त्या दिवशीं रस्त्यावर घेतलें जातें.

४. आपल्याकडे काय करावें?

अंबरनाथहून परळ लोहमार्गानें पन्नासांहून थोडे अधिक किलोमीटर आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढल्या वर्षीं सर दोराबजींनीं त्या रोगाच्या संशोधनासाठीं निधि स्थापिला, आणि त्यांच्यामागें विश्वस्तांनीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभारिलें. तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. आज दूरदूरचे रोगी तेथें येतात, आणि कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत उतरतात. औषध मिळालें तरी गर्दीच्या गाडीचा प्रवास, सोबत्याची बुडालेली मजुरी व दोन वेळचें जेवण हा भार राहतोच. आपली वर्गणी येथें उपयोगी पडेल.

मंडळीचे तरुण सुटीच्या दिवशीं पहाटे अंबरनाथहून बदलापूर व तेथून बारवी धरणाच्या वाटेनें जाऊं शकतात. मात्र चार नियम पाळावे. डोक्यावर शिरस्त्राण असावें. पैसा कशासाठीं हें आधीं जाहीर करून प्रत्येकास पावती द्यावी, व रक्कम मान्य संस्थेच्या खात्यांतच भरावी. महिन्याच्या आंत सर्वांपुढें हिशेब वाचावा. आणि रोग्याच्या संमतीवांचून त्याचें नांव किंवा छायाचित्र कोठेंही लावूं नये. साह्याच्या मोबदल्यांत कोणाची अब्रू मागूं नये.

विचारासाठीं प्रश्न

१. विरळ रोग्याच्या तीन अडचणी कोणत्या?
२. मुलांच्या बाबतींत कोणत्या दोन खुणा पाहाव्या?
३. आपल्या गांवांतून परळास उपचारासाठीं कोणी जातें काय? त्याच्या घरीं त्या दिवशीं चूल कोण पेटवितें?