जुन्या घराची दुरुस्ती : उष्णता रोखायची तर आधी छत पाहा

अहिल्यानगर (अहमदनगर) शहरात व जिल्ह्याच्या गावोगावी दगड-मातीची, चुन्याची जुनी घरे अजून बरीच आहेत. १५८३ साली पूर्ण झालेला फराह बाग महाल दगड-चुन्याच्या जाड भिंती आणि सभोवतीचा तलाव यांमुळे थंड राहत असे. आपल्या साध्या माळवदाच्या घरांनाही तोच गुण आहे. दोन फुटी भिंत दुपारचे ऊन रात्रीपर्यंत आत येऊ देत नाही आणि पांढऱ्या मातीचे छतही तेच काम करते.

दुरुस्तीत हे माळवद उतरवून नुसता पत्रा टाकला की घराची भट्टी होते. चार-पाच इंची स्लॅबही दिवसभर तापतो आणि रात्री खाली उष्णता सोडतो. दिवसभर थेट ऊन झेलते ते छत. म्हणून खर्चाचा पहिला पैसा छतावरच घालावा.

माळवद ठेवायचे असेल तर आधी वजनाचा हिशेब करावा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास, म्हणजेच सुमारे साडेचार टन. पावसात भिजल्यावर वजन आणखी वाढते. त्यावर विटांचा कोबा चढवण्यापूर्वी सुताराकडून तुळयांची, विशेषतः भिंतीत शिरलेल्या टोकांची, तपासणी करून घ्यावी. वाळवी लागलेली तुळई भर पावसात दगा देते, तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

स्लॅब असल्यास वॉटरप्रूफिंगवर दोन इंची घट्ट फोमच्या पाट्या बसवाव्यात व वर कोबा करून फुटक्या पांढऱ्या टाइल्स लावाव्यात. दोन इंच फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढ्यासाठी काँक्रीट सुमारे सहा फूट जाड लागेल. पाट्या वरूनच लावाव्यात, म्हणजे स्लॅब मुळात तापतच नाही. एवढी ऐपत नसेल तर दर उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा.

पत्रा असल्यास खाली चार इंच पोकळी सोडून सीलिंग करावे व गरम हवा निघायला दोन्ही टोकांना जाळी ठेवावी. सीलिंगवर रॉकवूल घालावे, ते पेट घेत नाही. दुकानात किंवा वेल्डिंगच्या जागी उघडा थर्मोकोल कधीही लावू नये. तो झटकन पेटतो व त्याचा धूर घातक असतो.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि ओली भिंत उष्णताही जास्त आत आणते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा.

गवंडी-मिस्त्री बांधवांनी कोटेशनमध्ये हे काम वेगळ्या ओळीत, दरासह लिहावे. ओघात केलेल्या कामाची मजुरी बुडते. वेगळे लिहिलेले काम ग्राहकाला समजते आणि त्याचे पैसेही मिळतात.