देवाच्या पेटीला रंधा लावण्याआधी

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीला देवाची पेटी आहे. फणसाच्या लाकडाची, पितळी पट्ट्या मारलेली, दोघांनी उचलली तरच हलणारी. गौरीचे मुखवटे, गणपतीचे दागिने, जादा टाक, लाल फडक्यात बांधलेलं गुरुचरित्र, सगळं तिच्या पोटात. रोजची पूजा देव्हाऱ्यात होते, पण जाता जाता पेटीवरही हळदकुंकू वाहायचं, हा घरचा शिरस्ता. एका वर्षी गणपतीआधी ही पेटी ‘नवी’ करण्यात आली. पंचक्रोशीत अशा पेट्या अजून आहेत आणि चाकरमान्यांच्या हाती आता हौसेपुरता पैसाही आहे, म्हणून काय झालं ते सांगतो.

धाकट्या काकांनी पॉलिशवाला बोलावला तो ऐन श्रावणात. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या हवेत लाकूड फुगतं, झाकण घट्ट बसतं. हे दुखणं नाही, ऋतू आहे. पण कारागिराने झाकणाच्या कडा रंध्याने तासल्या. वैशाखात लाकूड आक्रसलं तेव्हा बोटभर फट पडली आणि झुरळांना पोथीपर्यंत रस्ता मिळाला. वरून मारलेल्या मेलामाइन पॉलिशवर दमट हवेमुळे पांढुरकी झाक आली, ती आजतागायत गेलेली नाही.

हे सगळं परवडलं असतं. पण झाकणाच्या आतल्या बाजूला काळपट रेघोट्या होत्या, त्या मशीनने घासून काढल्या गेल्या. त्या रेघोट्या म्हणजे मोडी अक्षर होतं. लहानपणी आजी सांगायची, त्यात घरातले जन्म आणि गणपतीचा खर्च लिहिलाय. वाचणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो मळ ठरला. काकांना दोष देऊन काय उपयोग? चकाकतं तेच स्वच्छ, हा समज आपण फरशीपासून देवघरापर्यंत पसरवलेला आहे.

तेव्हा कोणालाही पेटीला हात लावू देण्याआधी ती रिकामी करा आणि भर उजेडात फोटो काढा: झाकण आतून, तळ, बिजागऱ्या, कडी, चोरकप्पा. अक्षर दिसलं तर काम थांबवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या कुठल्याही मोडी जाणकाराला नुसता फोटो दाखवूनही पुष्कळ कळतं.

दुरुस्ती दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांतच काढावी. पावसात झाकण अडलं तर कडेला मेण चोळावं, रंधा नको. जुन्या वस्तूंचं जतन करणारे लोक एक पथ्य पाळतात: उद्या काढता येणार नाही असं काही आज लावायचं नाही. मेण काढता येतं, मेलामाइन काढताना लाकूडही सोलवटतं. पितळी पट्ट्या चिंचेने घासू नयेत. आंबट पाणी खाली झिरपून लाकडावर डाग धरतं. कोरडं सुती फडकं पुरे. तेलाच्या काजळीचं तेच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लाकडी ओरातोर, म्हणजे देव्हारा, असतो, त्यावर मेणबत्त्यांची काजळी बसते. ती घासून पांढरंफटक लाकूड काढण्यात कसली भक्ती?

किडा जिवंत आहे की जुनी भोकं आहेत, हे ओळखायला पेटीखाली काळा कागद घालावा. आठवड्याभरात त्यावर फिकट ताजा भुसा पडला तर पेटी इतर लाकडापासून वेगळी ठेवून जाणकाराला बोलवावं. वाळवी मात्र जमिनीतून येते. पेटी घडवंचीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवली की मातीच्या नळ्या वेळेत दिसतात. पोथीजवळ वेखंडाची पुरचुंडी हा जुना उपाय खरोखर चांगला आहे, फक्त ती दरवर्षी बदलायला हवी. दुरुस्तीसाठी पेटी रिकामी करून देव काही दिवस पाटावर ठेवले तर कोप होईल ही भीती मात्र मला कधी पटली नाही. लाकडाला विश्रांती देवाच्या नावानेच द्यायची असते.

आता कायद्याचं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावशेषात मोडू शकते. महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षं पुरतात. पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. माझ्या अमेरिकेतल्या चुलतभावाला पेटी हवी होती. वस्तू पुरावशेष नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला असल्याशिवाय ती विमानतळावर अडकते. पेटीचं वय सांगायला त्या मोडी नोंदी कामाला आल्या असत्या.

जुने दरवाजे, पाट, पेट्या विकत घेणारे गावोगाव फिरत असतात. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो, तो आधी मागावा. आणि सौदा ठरलाच तर पेटी उचलण्यापूर्वी चोरकप्पा स्वतः उघडून पाहावा. शेजारच्या वाडीतून गेलेल्या एका पेटीबरोबर देवाचे दोन टाकही गेले.