नवी विंडोज : घ्यावी की थांबावे?

सेलू, मानवत किंवा गंगाखेडच्या बाजारात आज संगणक नसलेले दुकान क्वचितच सापडेल. आडतीचा हिशोब, जीएसटीचे विवरण, पीकविम्याचा अर्ज, लग्नपत्रिका, परीक्षेचा फॉर्म, सारे त्याच एका पडद्यावर होते. या पडद्यावर विंडोज १० ची मुदत संपल्याची इंग्रजी सूचना अधूनमधून झळकते आणि दुकानदार ती बाजूला सारून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. असे किती दिवस निभावेल आणि विंडोज ११ घेतली तर हाती काय येईल, काय जाईल, याचा हिशोब व्यापारी बांधवांनी एकदा मांडून पाहावा.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आडत दुकानातला मुनीम समजा. मालक हुकूम देतो. परंतु हमालाला बोलावणे, काटा लावणे, पट्टी लिहिणे, तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणे ही कामे मुनीमच पाहतो. टॅली, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र हे सारे त्याच्या हाताखाली चालतात. मुनीम बदलला तरी दुकान तेच राहते, पण जुन्या माणसांशी नव्याचे जमेल की नाही हा प्रश्न उरतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० जुलै २०१५ मध्ये व विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आणली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती बंद झाली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, म्हणून अनेकांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. परंतु प्रणालीत नव्याने सापडणारी भगदाडे आता बुजवली जात नाहीत आणि चोराला ती ठाऊक असतात. ज्या दुकानात गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक व बँक खात्यांचे तपशील दिवसभर हाताळले जातात, तेथे हा धोका मालकापुरता राहत नाही.

घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवली. त्यासाठी ३० डॉलर भरणे किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात संगणकाची सेटिंग साठवून ती फुकट मिळवणे असे मार्ग दिले. व्यवसायासाठीचा दर मात्र पहिल्या वर्षाला प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर व पुढे दरवर्षी दुप्पट असा ठेवला. जुन्या डब्यावर इतका खर्च करणे लहान दुकानदाराला परवडणारे नाही.

विंडोज ७ चा अनुभव येथे उपयोगी आहे. तिची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली. क्रोम ब्राउझरने तिची साथ २०२३ च्या सुरुवातीला सोडली व त्यानंतर तिच्यावर ऑनलाइन कामे करणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. म्हणजे तीनेक वर्षे गाडी रेटता येते, पण ती उतारावरची गाडी असते.

आता आपले यंत्र तपासा. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा व टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. कागदावर ४ जीबी लिहिले असले तरी टॅली व ब्राउझर एकत्र चालवायचे तर ८ जीबी आणि जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. खरी अडचण प्रोसेसरची आहे. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ या ठिकाणी नाव दिसते. आय३-६१०० असेल तर सहावी पिढी, म्हणजे नापास. आय५-८४०० असेल तर आठवी, म्हणजे पास. आय३-१०१०० मध्ये पहिले दोन आकडे धरावेत, ती दहावी. ‘टीपीएम नाही’ असे दिसले तरी लगेच नवा संगणक घेऊ नका. कित्येक यंत्रांत ती सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते.

नापास यंत्रावरही आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे कारागीर भेटतात. काम होते, पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही. कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर २०२४ ची आवृत्ती सुरूच होत नाही. चोरीच्या किल्लीने चालू केलेली प्रत आणखी वाईट. त्या किल्लीबरोबर कोणता विषाणू घरात आला हे कळत नाही. दुसऱ्याचा माल असा वापरणे शोभतही नाही.

फायदे सांगायचे तर असली विंडोज १० असलेल्या व पास झालेल्या यंत्रावर नवी प्रणाली फुकट चढते, दुरुस्त्या नियमित मिळतात व चोरीपासूनचे संरक्षण जुन्यापेक्षा भक्कम आहे. स्टार्टचे बटण मधोमध दिसते, ते डावीकडे नेता येते. त्याची चार दिवसांत सवय होते.

तोट्यांकडे मात्र बारकाईने पाहावे लागेल. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम ३२-बिट विंडोज १० वर कसेबसे चालत, येथे ते थेट चालत नाहीत. एखाद्या आडत दुकानात पंचवीस वर्षांपूर्वी करून घेतलेला पट्टीचा प्रोग्राम अजून वापरात असेल, तर आधी त्याची सोय लावा. छपाईवाल्यांनीही सावध असावे. पेजमेकर ७ ची आवृत्ती २००१ ची. तिच्यातील श्रीलिपी वा आकृतीच्या जुन्या फाँटमधील मराठी मजकूर आणि जुन्या इनपेजमधील उर्दू फाइली हे अनेक छापखान्यांचे भांडवल आहे. ते नव्या यंत्रावर उघडते की नाही हे ऐकीव माहितीवर ठरवू नये. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीची टोकन व जुना लेझर प्रिंटर यांचे ड्रायव्हरही तसेच तपासावेत.

सर्वात मोठा धोका फारसा कोणी सांगत नाही. नव्या आवृत्तीत संगणक लावताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते आणि त्यानंतर डिस्कवरील माहिती बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाची किल्ली त्या खात्यात जमा होते. समजा, जिंतूरच्या एका दुकानदाराचा संगणक कारागिराने स्वतःच्या ईमेलवर चालू करून दिला. दोन वर्षांनी मदरबोर्ड जळाला, डिस्क दुसरीकडे जोडली आणि पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली गेली. कारागीर तोवर पुण्याला गेलेला असेल, तर सगळा हिशोब कुलपातच राहिला. म्हणून खाते स्वतःच्याच नावाने उघडावे आणि किल्ली वहीत लिहून ठेवावी.

ज्यांचे काम केवळ ब्राउझर, पत्रे व मुलांचा अभ्यास एवढेच आहे, त्यांनी जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून पाहावी. उबंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस फुकट आहेत व त्यांत मराठी टंकलेखनाची सोय आहे. टॅली मात्र लिनक्सवर थेट चालत नाही व अंगठ्याच्या यंत्रांचीही पंचाईत होते, तेव्हा सेवा केंद्र चालकांनी या वाटेला जाऊ नये.

बदल करायचा तो जुलैत, पीकविम्याच्या गर्दीत करू नका. मार्चअखेर व महिन्याची २० तारीखही टाळा. आहे त्याच डिस्कवर विंडोज ११ चढवली व काम अडले तर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. त्याहून सोयीचे म्हणजे नवी प्रणाली नव्या एसएसडीवर टाकावी आणि जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवावी. एखादी फाइल उघडली नाही, तर बायोसची सेटिंग पूर्वीसारखी करून तीच डिस्क पुन्हा जोडता येईल व गिऱ्हाईक परत पाठवावे लागणार नाही.