चौथ्या वर्षाचा प्रबंध : प्रश्न मुलांचाच हवा



मागच्या पालकसभेनंतर एक वडील मुद्दाम थांबले. त्यांचा धाकटा माझ्या नववीच्या वर्गात आहे. थोरलीही माझीच विद्यार्थिनी, आता ती बी.ए.ला आहे. म्हणाले, "मॅडम, तीन वर्षांत डिग्री मिळतेय ना, मग हे चौथं वर्ष कशाला? त्यात म्हणे प्रबंध लिहायचा. पोरीला जमेल का? तिचं तर सगळं मराठीतून झालंय."

हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे, म्हणून आज त्यावरच बोलूया.

चौथं वर्ष म्हणजे काय?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा जाहीर केला. तीन वर्षांत १२० श्रेयांक पूर्ण केले की पदवी मिळते. चौथं वर्ष केलं तर १६० श्रेयांक होतात आणि 'ऑनर्स' पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील, तर 'संशोधनासह ऑनर्स' हा मार्ग घेता येतो. त्यात १२ श्रेयांक एका संशोधन प्रकल्पाचे, म्हणजे प्रबंधाचे असतात. अशी चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी घेतली, की एम.ए., एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

नियम एवढाच. पण मुलांना यातून मिळतं काय, हे नियमात दिसत नाही.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत ती शंभर वर्षं जुनी आहे. स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष फ्रँक एडेलॉट हे ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांनी १९२२ साली कॉलेजात ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. मोजकी मुलं, समोरासमोर चर्चा आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक. शिकवणाराच गुण देणार नाही, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. प्रिन्स्टन विद्यापीठात तर कला आणि विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावाच लागतो. इतिहास असो की जीवशास्त्र, सुटका नाही.

याच प्रिन्स्टनमधल्या तीन मुलींची उदाहरणं मी वर्गात सांगते.

तीन मुली, तीन प्रश्न

पहिली सोनिया सोटोमायोर. आईवडील प्वेर्तो रिकोचे, घरात स्पॅनिश. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरिबीत वाढली. प्रिन्स्टनला आली तेव्हा तिच्या इंग्रजी निबंधांत स्पॅनिश वळणाची वाक्यं असायची, चुकांच्या खुणांनी पानं भरायची. तिने सुट्टीत व्याकरणाची पुस्तकं घेऊन पुन्हा पहिल्यापासून अभ्यास केला. १९७६ साली तिने प्रबंध लिहिला तो आईवडिलांच्याच भूमीवर : प्वेर्तो रिकोचे नेते लुईस मुन्योस मारीन यांचा तिथल्या राजकारणावर आणि अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला? हीच मुलगी २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाली. "मराठीतून झालंय" म्हणणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. भाषा मेहनतीने येते. प्रश्न मात्र आपल्या घरातून, मातीतून येतो.

दुसरी डायन हार्टली, स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. १९७८ साली तिने न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटिकॉर्प इमारतीवर प्रबंध लिहिला. या इमारतीचे मोठे खांब कोपऱ्यांत नाहीत, प्रत्येक बाजूच्या मध्यभागी आहेत. डायनने वारा समोरून आला तर काय होईल हे मांडलं आणि कोपऱ्याकडून तिरका आला तर काय, तेही मांडलं. तिरक्या वाऱ्याचा ताण जास्त निघाला. तिने विचारणा केली, तेव्हा इमारत भक्कम असल्याचं सांगण्यात आलं. त्याच वर्षी इमारतीचे मुख्य अभियंते विल्यम लेमेझुरियर यांना गणित पुन्हा तपासताना धोका दिसला. सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडलेले होते. मग रात्री-रात्री पोलादी पट्ट्या जोडून सांधे मजबूत केले गेले. लोकांना हे कळलं थेट १९९५ साली! एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे आपण पुन्हा तपासलं, असं लेमेझुरियर यांनी सांगितलं. तो विद्यार्थी कोण, यावर पुढे वाद झाला. पण डायनच्या प्रबंधात ते गणित होतं, हे नक्की.

तिसरी मिशेल रॉबिन्सन, पुढच्या मिशेल ओबामा. १९८५ सालचा समाजशास्त्राचा प्रबंध. प्रश्न असा : प्रिन्स्टनमध्ये शिकून बाहेर पडलेल्या कृष्णवर्णीयांचं आपल्या समाजाशी नातं टिकतं का? तिने ४०० माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवली. उत्तरं आली जेमतेम नव्वदच्या आसपास. वर उत्तरही तिला हवं होतं तसं आलं नाही. नातं टिकलेलं दिसावं, अशी तिची आशा होती. माहिती तसं म्हणत नव्हती. तिने ते तसंच लिहिलं.

माझ्या मते प्रबंधाचा खरा धडा हाच. हवं ते उत्तर आलं नाही, तरी जे आलं तेच लिहायचं.

आपल्याकडे अडतं कुठे?

खरं सांगू? अडतं ते शाळेपासूनच. मी स्वतः अनेक वर्षं 'प्रदूषण', 'पाणी वाचवा' असे विषय देत आले. मुलं सायबर कॅफेतून छापील पानं आणायची, आई रात्री जागून चिकटवायची, मी दहापैकी नऊ गुण द्यायचे. एका वर्षी सात वह्यांत तोच परिच्छेद, तीच चूक! चूक माझीच होती. मी विषय दिला होता, प्रश्न दिला नव्हता. अशी सवय लागलेली मुलं विसाव्या वर्षी प्रबंधही विकतच आणतील.

मग काय करायचं?

१. विषयाचा प्रश्न करा. 'शेती' हा विषय झाला. 'आपल्या आळीतल्या दहा घरांत आठवड्यातून किती दिवस ज्वारीची भाकरी होते आणि आजीच्या तरुणपणी किती दिवस व्हायची?' हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर नेटवर नाही, म्हणून कॉपीही नाही.

२. मोजायला लावा. दहा घरांत जाणं, विचारणं, तारीख घालून वहीत लिहिणं. एका घराने दार उघडलं नाही, तर तेही लिहायचं.

३. अंदाज आधी लिहून घ्या. शेवटी तो चुकला तर गुण कापू नका. चुकलेला अंदाज प्रामाणिकपणे लिहिला, तर एक गुण जास्त द्या.

४. पालकहो, तुम्ही करून देऊ नका. रोज जेवताना एवढंच विचारा, "आज काय नवीन कळलं? कशावरून म्हणतोस?"

५. कोणाचं घेतलं ते सांगायला शिकवा. "हे मला आजीने सांगितलं" असं लिहिलं, तरी आठवीच्या मुलासाठी तो संदर्भच आहे.

त्या वडिलांना मी म्हटलं, "दादा, पैशाची, नोकरीची अडचण असेल तर तीन वर्षांनी थांबण्यात कमीपणा नाही. पण आधी पोरीला विचारा, तिला कुठला प्रश्न पडलाय का?"

आठवड्याने त्यांचा फोन आला. गावातल्या बायकांचे बचत गट काही चालतात, काही बंद पडतात, ते का, असं तिला शोधायचंय. तिची आई अशाच एका बंद पडलेल्या गटात होती.

"मॅडम, याला प्रबंध म्हणतात होय?" त्यांनी विचारलं.

हो, दादा. यालाच म्हणतात.