किनाऱ्यावरील जागता पहारा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डेबेन नदीच्या मुखाशी बॉडसी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे समुद्रकाठी एक भव्य वाडा उभा आहे. या वाड्याच्या आवारातच ब्रिटनचे पहिले रडार केंद्र स्थापन झाले.

पूर्वी शत्रूची विमाने डोळ्यांना दिसत, किंवा त्यांची घरघर कानी पडे, तेव्हा ती अगदी जवळ येऊन ठेपलेली असत. मग प्रतिकाराला अवधी कोठला उरणार? १९३५ साली ब्रिटिश हवाई खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॉट या शास्त्रज्ञांस विचारले, “रेडिओलहरींच्या शक्तीने शत्रूवर मारा करता येईल काय?” त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडले. मारा करणे अशक्य ठरले. परंतु विमानावर आदळून परतणाऱ्या लहरींवरून त्याचा माग काढता येईल, असे त्यांच्या ध्यानी आले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ प्रयोग झाला आणि सुमारे ८ मैलांवरील विमानाची चाहूल लागली.

पुढील वर्षी सरकारने बॉडसीचा वाडा विकत घेतला. तेथे लहरी सोडणारे ३६० फूट उंचीचे पोलादी मनोरे आणि परतलेल्या लहरी टिपणारे २४० फुटी लाकडी मनोरे उभारले गेले. १९३७ साली केंद्राचे काम सुरू झाले. हळूहळू किनाऱ्यावर अशा केंद्रांची साखळीच तयार झाली.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांच्या झुंडी ब्रिटनवर चालून आल्या. ब्रिटनची लढाऊ विमाने मोजकी होती. ती अहोरात्र आकाशात घिरट्या घालीत राहिली असती, तर इंधन संपून आणि वैमानिक थकून गेले असते. अशा वेळी केंद्रातील सैनिक आणि महिला सहाय्यक हवाई दलातील तरुणी यंत्राच्या काचेवर दृष्टी खिळवून बसत. प्रकाशरेषेत एक बारीकसा दाता उमटला, की विमाने येत आहेत असे त्या ताडत. वार्ता तत्काळ दूरध्वनीने बेंटली प्रायरी येथील मुख्यालयात जाई, आणि योग्य घटकेस लढाऊ विमाने झेप घेत. या कामाविषयी घरच्यांपाशी चकार शब्द काढण्याचीही त्या तरुणींना मुभा नव्हती.

युद्ध संपले. काळ पालटला, यंत्रेही पालटली. १९९१ साली हवाई दलाने बॉडसीचे केंद्र बंद केले. २००० साली अखेरचा मनोराही उतरविण्यात आला. जेथून लहरी सोडल्या जात, त्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

मनोरे गेले, तरी त्यांनी दिलेला धडा उरला आहे. यंत्र केवळ दाखविते. जागेपणी पाहणे आणि पाहिलेले वेळीच सांगणे हे माणसाचे काम. बॉडसीच्या त्या अंधाऱ्या खोलीत ते काम निष्ठेने झाले, म्हणूनच मोजक्या विमानांनिशी एका देशाला आपले रक्षण करता आले.

स्वाध्याय

१. विल्किन्स यांच्या गणितातून कोणती नवी गोष्ट हाती आली?
२. रडारमुळे मोजकी विमानेही पुरेशी कशी ठरली?
३. ‘चकार शब्द न काढणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.